टाइल कुठली ते नंतर बघू, आधी पाइप कधीचे आहेत ते सांगा

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. कोथरूडला १९९३ च्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ६५० स्क्वेअर फूट कार्पेटचा टू बीएचके, घरात आई ७१, बाबा ७६, तुम्ही दोघं नोकरीवाले आणि मुलगी आठवीत, बजेट ९ लाख. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय तोडफोड कशाला, जुन्या मोझॅकवरच दोन बाय चार फुटाच्या ग्लॉसी टाइल टाकू, ओट्याला पांढरा क्वार्ट्झ लावू, ट्रॉल्यांना ॲक्रिलिक. आणि तुम्हाला हवंय ते एवढंच, की ग्लॉसी की मॅट, क्वार्ट्झ की ग्रॅनाइट, ॲक्रिलिक की लॅमिनेट.

मी सिव्हिल डिप्लोमावाली, २१ वर्षं पुण्यात जुन्या घरांचीच कामं करतेय, त्यातली निम्म्याहून जास्त कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागातली. तुमचं घर मी पाहिलेलं नाही त्यामुळे काही गोष्टी बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत, त्या कुठल्या ते मध्ये मध्ये सांगतेच. पण तुमच्या लांबलचक प्रश्नात पाइप, वायरिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग यातला एकही शब्द नाही आणि मला काळजी तीच वाटतेय. बिल्डिंगला तीस वर्षं होऊन गेलीत. आतलं सगळं बिल्डरने दिलेलंच असेल तर टाइल कुठली हा प्रश्न आत्ता यायलाच नको.

मागच्या वर्षीचं एक काम सांगते. सहकारनगरचं घर, त्यांनी चारच वर्षांपूर्वी बाथरूम नवीन केलेलं, टाइल सुंदर, फिटिंग चांगल्या कंपनीची, पण त्यावेळच्या माणसाने भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप तसेच ठेवून वरून टाइल मारली होती. बाथरूमला लागून बेडरूमचं कपाट, त्याच्या मागच्या प्लायला काळी बुरशी, साड्यांना वास. भिंत फोडली आणि प्लंबरने अर्धा इंची पाइपाचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. डोळ्याला लावून बघितलं तर आत गंजाचे थर बसून बसून जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक राहिलेलं, आणि एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या जोडाच्या चुडीपाशी तो इतका पातळ झालेला की अंगठ्याने दाबला तर पत्रा चुरला. त्या बाई मला विचारत होत्या की तेवढ्या चारच टाइल बदलता येतील ना? नाही आल्या, कारण कंपनीने ते डिझाइन बंद केलं होतं. पूर्ण बाथरूम पुन्हा केलं, म्हणजे पैसे दोनदा गेले.

म्हणून तुमच्या ९ लाखातला माझ्या अंदाजाने एक तृतीयांश पैसा असा जाणार आहे जो पाहुण्यांना कधी दिसणार नाही. तो आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात फिनिश बसवा. उलटं केलं की शेवटी पैसे संपतात, आणि मग नेमकी वायरिंगच राहून जाते.

प्लंबिंगमध्ये गरम-गार दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप घ्या. यूपीव्हीसी स्वस्त पडतो पण तो गार पाण्याचा पाइप, गीझरच्या लाइनला चालत नाही. पाइप टाकून झाले की टाइल लावायच्या आधी पंप जोडून प्रेशर टेस्ट, प्रेशरचा काटा संध्याकाळी जिथे आहे तिथेच सकाळी असला पाहिजे. आणि भिंत बुजवायच्या आधी मेजर टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असा. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना या फोटोंची किंमत कळते.

वायरिंगचं सोपं आहे. लाइट-फॅनला दीड, प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चार स्क्वेअर एमएमची तांब्याची एफआर (आग सहज न पकडणारी) वायर, प्रत्येक पॉइंटला अर्थिंग, आणि डीबीमध्ये (मेन स्विचच्या डब्यात) एमसीबीच्या जोडीला ३० मिलिॲम्पची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसला की लगेच वीज तोडणारा स्विच. आरसीसीबी पैसे वाचवायला काढू नका, घरात म्हातारी माणसं आहेत आणि ओल्या हाताने बटण दाबलं जातं. १९९३ ला घर बांधताना इंडक्शन, मायक्रोवेव्ह, दोन एसी हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, तेव्हा महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही एकदा बघून घ्या.

आता मोझॅकवर टाइल टाकायची की नाही. तुमचा कॉन्ट्रॅक्टर सिमेंट-वाळूच्या बेडवर टाकणार आहे की ॲडहेसिव्हने चिकटवणार आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर आहे. बेडवर टाकणार असेल तर ठाम नाही म्हणा. चार सेंटीमीटर मॉर्टरचं वजन चौरस मीटरला साधारण ८० किलो आणि वर टाइलचे २० किलो, म्हणजे १०० किलो. तुमचा हॉल, बेडरूम, पॅसेज धरून ५०० स्क्वेअर फूट म्हणजे सेहेचाळीस-एक चौरस मीटर होतील, साडेचार टनांच्या वर वजन जुनी फरशी न काढता स्लॅबवर चढलं. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घरातला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात, त्यातला निम्मा तुम्ही नुसत्या फरशीत घालवलात. आणि बाल्कनीत तर हे अजिबात नको, ती बिल्डिंगच्या बाहेर लोंबत असते.

ॲडहेसिव्हने टाकली तर वजन तीसेक किलोच्या आत राहतं, ते चालतं, पण मग उंचीचा हिशोब करा. टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून अर्धा इंच, जुनी फरशी वरखाली असेल तर पाऊण. सगळे दरवाजे खालून तासावे लागतात. बाथरूमच्या उंबऱ्याची उंची बदलते, पॅसेज आणि बेडरूमच्या मध्ये बारीकशी पायरी राहते, आणि अशा अर्ध्या इंचालाच म्हातारी माणसं अडखळतात कारण ती नजरेला दिसत नाही. बेडवर टाकलीत तर दोन इंच चढणार, आणि तुमचा आत्ताचा ३२ इंची ओटा आपोआप ३० चा होणार. हे कॉन्ट्रॅक्टरने तुम्हाला सांगितलंय का? विचारा.

पण माझं खरं मत वेगळंच आहे. तुमच्या फोटोत हॉलची फरशी दिसतेय, पांढऱ्या सिमेंटमधली मोझॅक, काळे-पिवळे दाणे, दहा बाय दहा इंचाची. ती मला कुठे बसलेली दिसत नाहीये आणि फुटलेली तर एकच दिसतेय, टीव्हीखाली. ही फरशी ठेवा! या मोझॅकच्या वरच्या थरात संगमरवराचे दाणे असतात आणि तो थर पुरेसा जाड असतो, त्यामुळे ती पुन्हा घासता येते. पॉलिशवाला आधी ६० नंबरचा दगड फिरवतो, मग १२०, मग ३२०, मध्ये त्याच रंगाच्या सिमेंटने बारीक भोकं भरतो, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने चमक आणतो. तीस वर्षांचा पिवळेपणा त्या पाण्याबरोबर निघून जातो. नव्या व्हिट्रिफाइड टाइलला हे भाग्य नाही, हल्लीच्या बहुतेक दोन बाय चारच्या ग्लॉसी टाइलवर डिझाइन वरच्या पातळ ग्लेझमध्ये छापलेलं असतं, ते घासून पुन्हा नवं होत नाही. उन्हाळ्यात मोझॅक पायाला गार लागते ते वेगळंच, मला स्वतःला ती फार आवडते आणि लोक धडाधड फोडून टाकतात याचं वाईट वाटतं.

एक आहे, पॉलिशला राखाडी चिखल सगळ्या घरभर होतो, भिंतीवर फूटभर उडतो. त्यामुळे पॉलिश शेवटच्या कलर कोटच्या आधी आणि नवीन फर्निचर यायच्या आधी करून घ्या. किचनची जुनी फरशी तुम्ही काढणारच असाल आणि ती हॉलसारखीच असेल तर गवंड्याला सांगून दहा-पंधरा फरश्या अख्ख्या काढून घ्या, टीव्हीखालच्या पॅचला त्याच लावता येतील. तशी मोझॅक बाजारात शोधत बसलात तरी तो रंग मिळत नाही. आणि वाचलेले पैसे बाथरूमला वापरा. ठोकून बघितल्यावर बऱ्याच फरश्या पोकळ वाजल्या तर मात्र माझा सल्ला बदलेल, मग जुनी काढूनच नवीन टाका. एक रुपयाचं नाणं घेऊन घरभर फिरा, पोकळ कुठली ते आवाजावरून लगेच कळतं.

बाथरूममध्ये घाई नको. जुन्या टाइल काढून संकमधला (बाथरूमच्या खाली घेतलेल्या स्लॅबमधला) विटांच्या तुकड्यांचा जुना ब्रिकबॅट कोबा उकरायचा, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बदलायचा, कोपरे गोल करून वॉटरप्रूफिंगचे कोट भिंतीवर निदान फूटभर वर न्यायचे, शॉवरच्या भिंतीला सहा फूट. मग पाइपाची तोंडं बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. मिस्त्री म्हणतो एक रात्र बास, तुम्ही दोन दिवस धरा. फरशीला लहान साइजची मॅट अँटिस्किड टाइल, एक बाय एक फुटाची, कारण मोठ्या टाइलला ट्रॅपकडे चारही बाजूंनी उतार देता येत नाही आणि पाणी कोपऱ्यात साचून राहतं. भिंतीला कुठलीही घ्या, ग्लॉसी पण चालेल. जॉइंटला इपॉक्सी ग्राउट, सिमेंटचं ग्राउट साबणाने आणि पाण्याने काळं पडतं. चौकट ग्रॅनाइटची करा, लाकडी चौकट खालून कुजतेच.

काळ्या रंगाचे नळ आणि काचेचं पार्टिशन तुमच्या लिस्टमध्ये आहे. हे पाण्यावर आहे. कोथरूडला खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी येतं त्यामुळे तुम्हाला त्रास कमी, पण सोसायटीत बोअरिंगचं पाणी मिसळत असेल तर काळ्यावर आठवड्यात पांढरे ठिपके दिसायला लागतात आणि पुसणार कोण हा प्रश्न घरात येतो. गीझरच्या नळाच्या तोंडावर खडबडीत पांढरा थर आहे का बघा, असेल तर साधं क्रोम घ्या.

आई-बाबांसाठी हँडरेल कुठे लावायचा हे लोक मला विचारतात तेव्हा मी आधी घराच्या भिंती बघते. कर्वेनगरच्या एका घरात पॅसेजच्या पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या जरा वर, बेडरूमच्या दारापासून संडासापर्यंत एक तेलकट काळपट पट्टा होता, मध्ये स्विचबोर्डपाशी तुटलेला आणि पुढे परत सुरू. घरातल्यांना वाटायचं भिंत खराब झालीय, कलर काढायचाय. तो आजोबांच्या हाताचा पट्टा होता, रात्री उठले की ते भिंत धरून जायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. आम्ही बरोबर त्याच उंचीला लाकडी रेल लावला आणि स्विचबोर्ड वर घेतला. तुमच्याकडेही असा पट्टा असेल तर कलरवाला येऊन घासायच्या आत त्याची उंची मोजून ठेवा. संडासात रेल लागणार असेल तर टाइलच्या आधीच ठरवा, तिथे भिंत भरीव लागते. आता ग्लॉसी की मॅट हे मी वेगळं सांगायला नको, ७६ वर्षांचा माणूस जिथे चालतो तिथे ग्लॉसी टाइलवर पाण्याचे चार थेंब पुरतात. पॉलिश केलेली मोझॅक पण ओली असली की सरकते हे मान्य, म्हणून किचनच्या दारात आणि बाथरूमबाहेर मी मॅट टाइलचा पट्टाच घालते, मोझॅकच्या लेव्हलला.

ओट्याचा दगड. तुमच्या बायकोला पांढरा हवाय, आईंना काळा हवाय, आणि मला दोघींचं पटतं. किचन अंधारं असेल तर पांढऱ्याने खरंच उजेड वाढतो. पण क्वार्ट्झमध्ये दगडाच्या चुऱ्याबरोबर रेझिन (प्लास्टिकसारखा डिंक) असतं, गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो आणि तो निघत नाही, कधी तडाही जातो. फोडणीची कढई, कुकर, तवा हे आपण दिवसातून किती वेळा उतरवतो ते बघा. हळदीचं लगेच पुसलं तर ठीक, रात्रभर राहिलं तर पिवळी झाक रेंगाळते. संगमरवर तर नकोच, लिंबू-चिंचेने त्याची चमक खाल्ली जाते. मी काळा ग्रॅनाइट सांगेन, त्याच्यामागे भिंतीला पांढऱ्या टाइल आणि कपाटाखाली एलईडी पट्टी, मग उजेडाचं कामही होतं. पण पांढरा घ्यायचाच असेल तर निदान गॅसच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचा तुकडा बसवून घ्या.

दगडापेक्षा उंची महत्त्वाची आणि त्यावर कुणीच भांडत नाही. पोळ्या कोण लाटतं? तिने उभं राहून कोपर वाकवायचं, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा. आई आणि सून यांच्या उंचीत फरक असतो, मग आत्ताच्याच ओट्यावर एक-दीड इंचाची फळी टाकून त्यावर पोळपाट ठेवा आणि चार दिवस पोळ्या करून बघा. खांदे दुखले तर उंच झालाय. मी ज्यांना हे करायला लावलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी मॉड्युलरवाल्याने सांगितलेली ३६ इंची उंची रद्द करून ३३-३४ वर आणलीय.

ट्रॉल्यांना लॅमिनेट, १ एमएम, मॅट, मध्यम रंगाचं. ॲक्रिलिक शोरूममध्ये आरशासारखं दिसतं पण चरे पडतात, आणि फोडणीच्या तेलाची बोटं त्यावर उठून दिसतात. लॅमिनेटच्या आत काय आहे ते जास्त बघा. सिंकखालचं कपाट आणि खालचा पूर्ण सांगाडा आयएस ७१० चा प्लाय, ज्याचा चिकटपणा ७२ तास उकळत्या पाण्यात तपासलेला असतो, वरच्या कपाटांना आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा) प्लाय चालेल. भवानी पेठेत टिंबर मार्केटला सुताराला घेऊन स्वतः जा, शिक्का प्रत्येक शीटवर बघा आणि कापलेल्या कडेला आत पोकळी आहे का बघा. बास्केट ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या, २०२ ला सिंकजवळ वर्ष-दीड वर्षात गंज येतो.

कलरचं थोडक्यात. जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडल्याशिवाय वर इमल्शन लावू देऊ नका, पापुद्रे निघतात. जुन्या प्लास्टरच्या भिंती सरळ नसतात, त्यावर चमकदार फिनिश लावलं की संध्याकाळी बाजूच्या दिव्यात सगळे उंचवटे दिसतात, तिथे मॅट बरा, धुता येणारा. शेड कार्डावरून नक्की करू नका, दोन बाय दोन फुटाचा पॅच मारून सकाळी आणि रात्री लाइट लावून बघा. पश्चिमेच्या भिंतीला ओल असेल तर ती बाहेरून येतेय, पुण्यात पावसाचा मारा त्या बाजूने असतो, आतून कितीही पुट्टी केमिकल लावलं तरी पुढच्या पावसाळ्यात फुगणारच, त्यासाठी सोसायटीकडून बाहेरची चीर भरून घ्यावी लागेल. फॉल्स सीलिंग सगळीकडे नको, ९ फूट उंची असेल तर हॉलला कडेने एक पट्टा पुरे.

हॉल आणि किचनमधली भिंत काढायचं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, ते सहज नाहीये. बिल्डिंग आरसीसी, म्हणजे कॉलम-बीमवर उभी असेल तर साडेचार इंची भिंत बहुतेक नुसती पडदीच असते, पण बरेचदा किचनचा माळा त्याच भिंतीवर टेकलेला असतो आणि भिंत गेली की तो लोंबतो. तीन मजली लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेलणारी बिल्डिंग असेल तर हात लावायचाच नाही. हे फोनवरून कुणीही सांगू नये, स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, त्याचं लेखी घ्या आणि मग सोसायटीची एनओसी.

सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर क्रम एवढाच धरा: तोडफोड, पाइप आणि वायरसाठी भिंतीतल्या झिऱ्या (खाचा), वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची टेस्ट, टाइल, ओटा, सुतारकाम, कलरचे पहिले कोट, मोझॅक पॉलिश, शेवटचा कोट, फिटिंग. प्रत्येक टप्प्याला पैसे द्या, एकदम अर्धे देऊ नका. टाइलचा एक बॉक्स जास्तीचा आणून माळ्यावर ठेवा. राडारोडा कुठे जाणार ते कॉन्ट्रॅक्टरकडून आधीच लिहून घ्या, तो नदीकाठी किंवा टेकडीवर जायला नको.

आणि काम सुरू व्हायच्या आठ दिवस आधी खालच्या पहिल्या मजल्यावर जाऊन या. दिवाळीच्या फराळाला जाता तसं नाही, वही आणि फोन घेऊन. त्यांच्या बाथरूमचं, किचनचं छत त्यांच्यासमोर बघा, जुने डाग, चिरा यांचे फोटो काढून त्यांनाही पाठवा. त्यांच्या छतावर तुमच्या नहाणी ट्रॅपभोवती पिवळं वर्तुळ दिसलं तर तुमचं वॉटरप्रूफिंग आजच गेलंय. तो फोटो मलाही पाठवा, मग बाथरूमचा खर्च किती धरायचा ते जास्त नेमकं सांगता येईल.